बेंबीसकट

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये लघवी लाल झाली की डॉक्टरच्या आधी शेजारीपाजारी इलाज सांगतात. मी कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. हंगाम आटोपत आला होता, वर्षअखेरीचं काम अंगावर होतं आणि एका सकाळी लघवीचा रंग पाहून मी दचकलो. खात्यातल्या एकाने निदान केलं, उन्हाळी लागलीय, सब्जा भिजवून प्या. दुसऱ्याने मुतखडा ठरवून पानफुटीची पानं कागदात बांधून आणली. दोघांनाही न पडलेला प्रश्न आमच्या फॅमिली डॉक्टरांना पडला. दुखतंय का? दुखत नव्हतं. आग नाही, ताप नाही, कमरेत कळ नाही.

"कळ असती तर मीही खडाच म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पन्नाशीला टेकलेल्या माणसाला न दुखता रक्त जातंय तर आधी मूत्राशय बघायचं. सोनोग्राफी आजच करा."

सोनोग्राफीला मूत्राशय तट्ट भरलेलं लागतं. बाटलीभर पाणी पिऊन, पाय एकमेकांवर दाबत, नंबराची वाट बघत बसलो. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रोब ओटीपोटावरून फिरवत बेंबीपर्यंत नेला, खाली आणला, परत वर नेला. मग विचारलं, "लघवीतून शेंबडासारखं काही जातं का?" जात होतं. भिजवलेल्या सब्ज्याभोवती असतो तसा बुळबुळीत तंतू अधूनमधून दिसायचा, आणि सब्जा पितोय म्हणूनच तसं होत असणार, असं आमच्या घरी एकमताने ठरलं होतं. त्या हसल्या नाहीत. रिपोर्टात आलं ते असं: मूत्राशयाच्या घुमटाला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, मधोमध चारेक सेंटिमीटरची गाठ, आत चुन्याचे बारीक कण, गाठीचा बराच भाग मूत्राशयाच्या बाहेर, बेंबीच्या दिशेने.

नेहमीचा मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तराला होतो, बाजूच्या किंवा खालच्या भिंतींवर वाढतो. त्यात दुर्बीण आत घालून गाठ खरवडून काढतात. टीयूआरबीटी म्हणतात त्याला. वरवरच्या गाठी असतील तर पुष्कळांचं त्यावर भागतं, पुढे मूत्राशयात औषध सोडतात, दर काही महिन्यांनी दुर्बीण होते. माझंही तेच होईल या तयारीने मी तालुक्याच्या युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी कमरेत इंजेक्शन देऊन दुर्बीण घातली, पण गाठ खरवडली नाही. फक्त तुकडा घेतला आणि बाहेर आले. माझ्या धाकट्या भावाला याचा राग आला होता. एवढी भूल दिली, आत शिरले, मग काढून का टाकलं नाही? त्यावर ते म्हणाले, "आत दिसतंय ते नुसतं टोक आहे. बाकीचं भिंतीच्या पलीकडे आहे. मी टोक खरवडलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, गाठीला काही झालं नसतं."

त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानतो. दुर्मिळ रोगात पहिला हात कोण लावतं आणि कुठे थांबतं, यावर पुढचं बरंच ठरतं, असं माझं मत होऊन बसलंय.

तुकड्याचा रिपोर्ट आला: म्युसिनस अॅडिनोकार्सिनोमा. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये दहातले नऊ युरोथेलियल असतात, अस्तराच्या पेशींचे. अॅडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथीचा कॅन्सर, चिकट स्राव तयार करणारा. असा कॅन्सर मोठ्या आतड्यात नेहमीचा. मूत्राशयात तो शंभरात एकदोघांना. म्हणून पहिली शंका अशी घेतात की हा इथला नाहीच, आतड्यातून किंवा दुसरीकडून आलेला पाहुणा आहे. मग कोलोनोस्कोपी. तिच्या आदल्या रात्रीबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं. आतडं साफ निघालं. जठराची दुर्बीण झाली, तीही साफ. छातीचा आणि पोटाचा सीटी झाला. रक्तात सीईए नावाचा मार्कर, म्हणजे काही कॅन्सरमध्ये वाढणारा घटक, तपासला, तो नेहमीपेक्षा थोडा चढा होता.

सीटीची फिल्म घेऊन पुण्याच्या युरो-ऑन्कोसर्जन मॅडमकडे गेलो तेव्हा या प्रकरणाला पहिल्यांदा नाव मिळालं. मॅडमनी फिल्म उजेडावर लावली आणि लेटरपॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. खाली मूत्राशय, वर बेंबी, दोघांना जोडणारी सरळ रेघ.

"हा युरॅकस," त्या म्हणाल्या. "आईच्या पोटात असताना बाळाच्या मूत्राशयातून बेंबीकडे एक नळी जाते. जन्माच्या आत ती मिटते, मग तिची नुसती दोरी उरते, आतल्या पोटाच्या भिंतीला चिकटलेली. तुम्हाला आहे, मला आहे, या तुमच्या बंधूंनाही आहे. सगळ्यांची पूर्ण मिटत नाही. साधारण तिघांतल्या एकाच्या दोरीत सूक्ष्म पोकळी आणि अस्तर शिल्लक राहतं. ते आयुष्यभर काही करत नाही. फारच क्वचित कोणाच्या तरी त्याच अस्तरातून कॅन्सर उगवतो. मूत्राशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा एक टक्कासुद्धा नाही."

मी विचारलं, माझ्याच का? तंबाखू नाही, बिडी नाही. त्या म्हणाल्या की नेहमीच्या मूत्राशयाच्या कॅन्सरचा धूम्रपानाशी जसा पक्का संबंध आहे तसा इथे कशाशीच दाखवता आलेला नाही. या उत्तराने भावाचं समाधान झालं नाही, माझं झालं. निदान कोणी माझ्या सवयींचं ऑडिट करणार नव्हतं.

तरीही मॅडमनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. आधी स्लाइड आणि ब्लॉक परळला टाटाच्या पॅथॉलॉजीकडे दाखवून आणा म्हणाल्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला आपला तुकडा, लहानशा प्लास्टिकच्या चौकटीत. लॅबवाल्या मुलाने डबी हातात देताना बजावलं, "काका, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ऊन लागून मेण मऊ होतं." म्हणून कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जाताना माझा मेव्हणा ती डबी जेवणाच्या पिशवीत, काकडीच्या शेजारी ठेवून बसला होता. तिकडून आलं ते नेमकं लिहिलेलं होतं: पेशींच्या तपासण्या आतड्याच्या कॅन्सरसारख्याच दिसतात, नुसत्या त्यांच्यावरून फरक सांगता येत नाही, पण गाठीची जागा, भिंतीतला तिचा मध्य, बाकीचं निरोगी अस्तर आणि स्वच्छ आतडं हे सगळं एकत्र धरलं तर युरॅकल कॅन्सर. म्हणजे निदान एका कागदावर नव्हतंच. सगळे कागद एकमेकांशी ताडून ते निघालं. बँकेचं स्टेटमेंट जुळवणाऱ्या माणसाला ही पद्धत पटली.

मधल्या काळात दुसऱ्या एका मोठ्या शहरातल्या सर्जनचंही मत घेतलं. त्यांनी फाइल चाळून सांगितलं, अख्खं मूत्राशय काढू, आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावर बाहेर आणू, बाहेर पिशवी लावावी लागेल. बेंबीचा विषय त्यांनी काढला नाही. घरी याच सल्ल्याला मतं जास्त पडली. माझे दाजी मिलिटरीत होते, त्यांचं म्हणणं, "एकदाच काय ते मुळासकट काढून टाका, परत झंझट नको." जास्त कापलं म्हणजे जास्त बरं होतं, हा हिशेब बहुतेकांच्या डोक्यात असतो आणि भीतीपोटी तो फार खरा वाटतो.

मॅडमसमोर दाजींनी तोच मुद्दा मांडला. त्यांनी पुन्हा ते चित्र पुढे ओढलं. "मुळासकट काढायचंय ना? मग मूळ कुठे आहे ते बघा. हा कॅन्सर वरून, दोरीतून, मूत्राशयात उतरलाय. मूत्राशयाचा खालचा भाग चांगला आहे. तो काढून आयुष्य वाढल्याचं आजवर दिसलेलं नाही, कापलेल्या कडा साफ निघाल्या की झालं. उलट अख्खं मूत्राशय काढलं आणि दोरी न् बेंबी ठेवली, तर मोठं ऑपरेशन करूनही अर्धवट केल्यासारखं होईल." मग त्यांनी चित्रावर पेनाने एक लांबट गोल काढला. त्यात मूत्राशयाचा घुमट आला, सगळी दोरी आली, दोरीला चिकटलेलं पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ आवरण, आलं आणि वरच्या टोकाला बेंबी आली. "हे सगळं एकसंध. मध्ये कुठे कापायचं नाही, उघडायचं नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या लिम्फ नोड्स, म्हणजे रोग पसरताना जिथे आधी अडकतो त्या बारीक ग्रंथी."

दाजी काही क्षण चित्राकडे बघत राहिले. "म्हणजे बेंबीसकट," ते म्हणाले.

"बेंबीसकट."

रोबोटने करता येईल का, असं माझ्या मुलाने विचारलं. त्याने वाचून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, करतात, आणि चांगलं करतात. पण माझी गाठ चिकट स्रावाने भरलेली होती. ती हाताळताना फुटून जेली पोटात सांडली तर पेशी पेरिटोनियमवर रुजू शकतात, आणि मग तो रोग आवरणं फार अवघड. एवढ्या आकाराच्या गाठीला त्या स्वतः पोट उघडून करणंच पसंत करत होत्या. मला त्यांचा स्वभाव आवडला. मुलाला थोडं जुनाट वाटलं.

विम्याचं सांगायलाच हवं. कॅशलेसची मंजुरी अडकली. का, तर कंपनीच्या डेस्ककडून शंका आली की बेंबी काढण्याची प्रक्रिया कॉस्मेटिक आहे का, आणि मूत्राशयाच्या आजारात तिचं प्रयोजन काय. दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवरच्या मुलीने हे मला वाचून दाखवलं आणि तोंडावर ओढणी धरली. मॅडमनी त्याच लेटरपॅडवर तेच चित्र पुन्हा काढून, सही-शिक्का मारून पाठवलं. मंजुरी आली. माझ्या फाइलीतला सर्वांत उपयोगी कागद तोच असावा.

ऑपरेशनचं मला आठवतं ते थिएटरमधल्या गारठ्यापर्यंत. बाकीचं नंतर ऑपरेशन नोटमधून वाचलं. बेंबीला वळसा घालून खाली जघनाच्या हाडापर्यंत छेद. बेंबी पोटाच्या त्वचेपासून सुटी केली, पण दोरीपासून नाही. दोरीच्या दोन्ही बाजूंचं पेरिटोनियम सोबत घेत वरून खाली उतरत मूत्राशयापर्यंत पोचल्या. गाठीपासून दोन सेंटिमीटर निरोगी भिंत राखून घुमट कापला. कडेचे तुकडे तिथल्या तिथे फ्रोझन सेक्शनला पाठवले, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट लगेच गोठवून बघतो. कडा साफ असल्याचा निरोप आल्यावरच उरलेलं मूत्राशय विरघळणाऱ्या दोऱ्याने दोन थरांत शिवलं. मग ओटीपोटातल्या नोड्स. हे सगळं होईपर्यंत बाहेर माझ्या बायकोने हातातल्या जपमाळेकडे बघितलंही नाही, ती सारखी भिंतीवरचा बोर्ड बघत होती, असं मुलगा सांगतो. त्या बोर्डवर नावापुढे 'शस्त्रक्रिया सुरू' एवढंच येतं.

शुद्धीवर आलो तेव्हा अंगाला नळ्या होत्या. एक कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, एक पोटात साचणारं पाणी बाहेर काढणारा ड्रेन, एक हातात. दुखणं औषधांनी आवाक्यात होतं. ज्याच्याबद्दल कोणी नीट सांगितलं नव्हतं ते म्हणजे मूत्राशयाचे आचके. कॅथेटर असल्यामुळे लघवी आपोआप पिशवीत जातेय, हे डोळ्यांना दिसत असतं, आणि तरी अचानक अशी कळ येते की आत्ताच्या आत्ता धावलो नाही तर फुटेल. शिवलेलं मूत्राशय कॅथेटरच्या आतल्या टोकाला असलेल्या फुग्यावर आवळतं. पाच-दहा सेकंदांत घामाघूम व्हायचो. रात्रपाळीची सिस्टर गोळी द्यायची आणि म्हणायची, "दादा, जोर लावू नका, तोंडाने श्वास सोडा." कोणी या ऑपरेशनला जात असेल तर त्याने या आचक्यांची गोळी आधीच विचारून ठेवावी.

सकाळी राउंडला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "गॅस पास झाला का?" तो होईपर्यंत पाण्याच्या घोटाव्यतिरिक्त काही नाही. तीन रंगीत गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र ओढायचं, एक गोळी वर जायची, दुसरी हलायची, तिसरी कारखान्याच्या बोनसप्रमाणे जागची ढळायची नाही. पायात घट्ट मोजे, पोटाच्या कडेला रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन. दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं, एका हातात लघवीची पिशवी, दुसऱ्यात ड्रेनची बाटली. शेवटी पोटातून आवाज आला तेव्हा बायकोने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

घरी सोडलं ते कॅथेटर ठेवूनच. शिवण भरायला साधारण दहा ते चौदा दिवस देतात. मग मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढतात, कुठून गळत नाही ना ते बघतात आणि कॅथेटर काढतात.

याच दिवसांत आईला कळलं. तिला वय झाल्यामुळे "पोटात गाठ होती, काढली" एवढंच सांगितलं होतं. माझं पोट फुगलं होतं, आणि गॅस धरला की बेंबीला हिंग लावायचा, हा तिचा माझ्या जन्मापासूनचा इलाज. दुपारी सगळे पडले असताना ती वाटीत हिंग कालवून आली, सदरा वर केला, ड्रेसिंगच्या पट्टीच्या आजूबाजूला बोटाने चाचपत राहिली. "अरे, बेंबी कुठंय तुझी?" मी म्हटलं, काढली. "काढली म्हणजे? ती कशाला काढतात?" मग सगळं सांगावं लागलं, कॅन्सर या शब्दासकट. तिने ऐकून घेतलं, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आता हिंग कुठं लावायचा?" मी हसायला लागलो आणि टाक्यांमुळे हसताही येईना.

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट मेलवर आला तेव्हा मुलाने मोबाइलवरच उघडला. कडा साफ. नोड्समध्ये रोग नाही. गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली, पण पलीकडच्या चरबीत नाही. आणि खाली: शेल्डन स्टेज ३ए. 'तीन' वाचून मुलाचा चेहरा पडला. बायको देवघराकडे गेली. आपल्याकडे तिसरी स्टेज म्हणजे काय समजतात ते सांगायला नको. पुढच्या ओळीत मेयो स्टेज १ असंही लिहिलेलं होतं, ते त्या घाईत कोणाला दिसलंच नाही.

या दोन आकड्यांचा अर्थ मॅडमनी दुसऱ्या दिवशी समजावला. या कॅन्सरला नेहमीची मूत्राशयाची स्टेजिंग चपखल बसत नाही, कारण तो आतून बाहेर जात नाही, बाहेरून आत येतो. शेल्डन यांची पद्धत १९८४ सालची. तिच्यात रोग फक्त युरॅकसच्या अस्तरात असेल तर पहिली, युरॅकसपुरता असेल तर दुसरी, आणि मूत्राशयाला जरा जरी लागला की थेट ३ए. पण हा रोग कळतोच मुळी मूत्राशयात शिरून रक्त आल्यावर. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या खान्यात जवळपास कोणी सापडत नाही, बहुतेक पेशंट तिसऱ्यातच गर्दी करतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये सुटसुटीत पद्धत मांडली: युरॅकस आणि मूत्राशय यांच्यापुरता असेल तर पहिली, त्यांच्या स्नायूच्या बाहेर गेला तर दुसरी, नोड्समध्ये तिसरी, दूर पसरला तर चौथी. एकच गाठ, एका वहीत तीन आणि दुसरीत एक. हिशेब खात्यात असा प्रकार झाला असता तर ऑडिटरने घाम काढला असता. इथे दोन्ही नोंदी बरोबर होत्या, फक्त खाती वेगळ्या तत्त्वावर पाडलेली होती.

मग मी आयुष्याचा आकडा विचारला. मॅडमनी टाळलं नाही. मेयोच्या त्याच अभ्यासात ६६ पेशंट होते, आणि पाच वर्षांनंतर या रोगातून वाचलेले सुमारे निम्मे, ४९ टक्के. मुलाने हा आकडा आधीच शोधून मनात ठेवला होता, मला सांगितला नव्हता. पण त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे. मेयोच्या पहिल्या-दुसऱ्या स्टेजमधल्यांचं मध्यम आयुर्मान १०.८ वर्षं, तिसऱ्या-चौथ्यातल्यांचं १.३ वर्षं. हे वाचल्यावर ४९ या आकड्याकडे बघायची माझी पद्धतच बदलली. दोन अगदी वेगळे जमाखर्च एकत्र करून काढलेली ती सरासरी होती. नोड्स साफ, कडा साफ असलेला माणूस आणि फुफ्फुसात रोग घेऊन आलेला माणूस यांना एका बेरजेत घातलं तर निघणारं उत्तर दोघांपैकी कोणाचंच नसतं. शिवाय ६६ ही संख्यासुद्धा एवढ्या मोठ्या दवाखान्यात कित्येक दशकांत मिळून जमलेली. तेव्हा आजच्यासारखे सीटी नव्हते, सगळ्यांची ऑपरेशनंही सारखी नव्हती. म्हणून १०.८ हाही माझा आकडा आहे असं मी धरत नाही. मी फक्त कोणत्या पानावर आहे ते मला कळलं.

केमो द्यायची का, यावर ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, चर्चा झाली. पसरलेल्या युरॅकल कॅन्सरला मूत्राशयाच्या नेहमीच्या केमोपेक्षा आतड्याच्या कॅन्सरसारखी, फाइव्ह-एफयूबरोबर सिसप्लॅटिन किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन अशी औषधं देण्याकडे कल असतो, कारण राहायला मूत्राशयात असला तरी त्याचं वागणं आतड्याच्या कॅन्सरसारखं. पण सगळं साफ निघालेल्या माणसाला वरून केमो देऊन फायदा होतो असा ठाम पुरावा नाही, एवढ्या थोड्या पेशंटांवर मोठी चाचणी घेणार कोण? नोड्समध्ये काही सापडलं असतं तर नक्की दिली असती, असं ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले. माझ्या बाबतीत फक्त लक्ष ठेवायचं ठरलं. दाजींना हे पसंत पडलं नाही. औषध नाही म्हणजे उपचार नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी गोमूत्र अर्काची बाटली आणून दिली, ती अजून कपाटात सीलबंद आहे.

लहान झालेलं मूत्राशय ही गोष्ट मात्र रोजची. सुरुवातीला शंभर मिलिलिटर जमलं की धावपळ. मी मापाचा जग घेऊन वहीत वेळ आणि माप लिहायला लागलो, सवयच ती. रात्री तासातासाला उठणं, आणि एसटीने पुण्याला निघालो की साताऱ्याच्या स्टँडवर उतरायचंच. हळूहळू ताणत नेलं, आज पाच मिनिटं थांब, उद्या दहा. काही महिन्यांत अडीचशे-तीनशेच्या घरात आलं आणि तिथे स्थिरावलं. शेजारच्या खाटेवर ज्यांचं अख्खं मूत्राशय काढलं होतं त्या गृहस्थांशी अजून फोनवर बोलणं होतं. पोटावरच्या पिशवीसह ते शेतात जातात, ट्रॅक्टर चालवतात. त्यांचा रोग वेगळा होता, त्यांना दुसरा पर्याय नव्हता. ते झकास आहेत. तरी मला जे टळलं ते टळलंच.

हा रोग परत आला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो: उरलेल्या मूत्राशयात, ओटीपोटात, पेरिटोनियमवर, फुफ्फुसात, यकृतात. उशिरानेही येऊ शकतो, म्हणून पाच वर्षं झाली की सुटलो असं नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी, सीईए आणि दुर्बीण ठरली. ऑपरेशननंतर सीईए खाली आला आणि तिथेच आहे. एका सीटीत उजव्या फुफ्फुसात चार मिलिमीटरचा ठिपका निघाला. रेडिओलॉजिस्टने लिहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. ते तीन महिने घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. पुन्हा पाहिलं, ठिपका तेवढाच. जुन्या फाइलीत कॉलेजच्या वयात झालेल्या टीबीचे कागद सापडले, तेव्हा तो ठिपका बहुधा त्याचाच वण असावा असं ठरलं. तरी दर सीटीत त्याचं माप घेतलं जातं.

आता तपासण्यांमधलं अंतर सहा महिन्यांवर गेलंय. नवीन कुरबूर म्हणाल तर बेंबी होती तिथे हर्निया झालाय. पोटाची भिंत तिथे कमकुवत झाली, खोकलं की लिंबाएवढा फुगवटा येतो. जाळी बसवावी लागेल. मॅडम म्हणाल्या, पुढचा सीटी साफ आला की हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये करू, तोवर पट्टा बांधा आणि वजन उचलू नका. पट्टा बांधतो. हिशेबाच्या जाड वह्या खात्यातला शिपाई उचलतो आणि विम्याच्या कंपनीसाठी मॅडमनी पुन्हा एक चित्र काढून ठेवलंय.